पुण्यात फॅट बाइक घेताना: कमी खर्चाची आणि कमी कटकटीची कशी निवडायची

"जाड टायरची सायकल घ्यायची आहे. बजेट पंधरा-वीस हजार. रोज ऑफिसला न्यायची नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मजेत चालवायची. आणि तिच्यामागे सारखं खपायला लागू नये." नियमित सायकल चालवणाऱ्या माणसाला सोसायटीत, नातेवाइकांत, टेकडीवर भेटणाऱ्यांकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तरही आहे. या पैशांत धड फॅट बाइक मिळते. फक्त ती बहुतेक वेळा दुकानात सगळ्यांत भारी दिसणारी नसते. पुढे-मागे सस्पेन्शन, २१ गिअर, झगमगीत रंग आणि किंमत बारा हजार असेल, तर त्या प्रत्येक जादा भागासाठी कुठेतरी हात आखडता घेतलेला असतो. सहा महिन्यांनी तोच भाग कुरकुरायला लागतो. म्हणून माझा सल्ला एका दिशेचा आहे: सायकलवर भाग जितके कमी, तितकं बरं, आणि जे आहेत त्यांचे सुटे भाग पुण्यात सहज मिळायला हवेत. खालची प्रत्येक पायरी याच कसोटीवर लावली आहे.

आधी ठरवा: चालवणार कुठे?

ज्या सायकलीचा टायर ३.८ इंच, म्हणजे सुमारे ९७ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतो, तिला ढोबळमानाने फॅट बाइक म्हणतात. हा प्रकार घडला अमेरिकेत, अलास्काच्या बर्फात आणि न्यू मेक्सिकोच्या वाळूत. तिथले लोक १९८० आणि ९०च्या दशकांत आपापल्या परीने रुंद रिम बनवून घेत होते. २००५ मध्ये सर्ली कंपनीने 'पग्सली' नावाची सायकल बाजारात आणली आणि असं चाक सर्वसामान्यांना विकत मिळू लागलं.

पुण्यात बर्फ नाही आणि समुद्राची वाळूही नाही. तरी ही सायकल इथे उपयोगी पडते, कारण तिच्या टायरमध्ये हवा फार कमी ठेवता येते. कमी हवेचा रुंद टायर जमिनीवर पसरतो, खडी-मुरूम धरून ठेवतो आणि धक्के स्वतःच गिळतो. पाषाण-बाणेरकडचे मुरमाचे रस्ते, खडकवासल्याच्या पुढे पानशेतकडे जाताना लागणाऱ्या गावांतल्या कच्च्या वाटा, हडपसरच्या पुढे मुठा उजव्या कालव्याच्या कडेचा मातीचा रस्ता, खोदून ठेवलेल्या गल्ल्या, उखडलेले पेव्हर ब्लॉक, एकामागोमाग येणारे स्पीडब्रेकर अशा ठिकाणी ती सुखाने चालते. ज्यांना बारीक टायरवर तोल जाण्याची धास्ती वाटते, किंवा जे वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसत आहेत, त्यांना या टायरवर लवकर विश्वास येतो. माझ्या मते हा तिचा सगळ्यांत मोठा गुण आहे.

आता तिला न जमणाऱ्या गोष्टी. डांबरी रस्त्यावर ती जड चालते. सिंहगडाचा चढ किंवा बोपदेव घाट तिच्यावर होतो, पण त्यात मजेपेक्षा घाम जास्त. रविवारी ग्रुपबरोबर लोणावळ्यापर्यंत जाण्याचं मनात असेल, तर सगळे पुढे निघून जातील. तुमचं नव्वद टक्के चालवणं पक्क्या रस्त्यावर होणार असेल, तर फॅट बाइक घेऊ नका. २ इंची टायरची, पुढे सस्पेन्शन नसलेली साधी हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) त्याच पैशांत जास्त हलकी आणि जास्त टिकाऊ मिळेल.

आणखी एक गोष्ट घरीच तपासा: ठेवणार कुठे? लोखंडी फ्रेमची स्वस्त फॅट बाइक १८ ते २० किलोच्या आसपास भरते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर रोज एवढं वजन उचलून चढवणं होत नाही आणि सायकल खालीच गंजत पडते. चाक दहा सेंटिमीटर जाड असल्यामुळे ती नेहमीच्या सायकल स्टँडच्या खाचेत बसत नाही. गाडीच्या मागे लावायचे बरेचसे कॅरिअरही तिला घेत नाहीत.

पैशांची वाटणी

लोखंडी फ्रेमच्या, एकाच गिअरच्या फॅट बाइक दहा-बारा हजारांपासून दिसतात. अलॉय फ्रेम आणि बऱ्या दर्जाचे गिअर-ब्रेक हवे असतील तर वीस हजारांच्या पुढे जावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या किमतींचे आकडे डोक्यात ठेवून जाऊ नका आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटीसाठी ते लागतंच.

बजेटमधले किमान तीन हजार बाजूला काढा. त्यात हेल्मेट, कुलूप, पुढचा-मागचा दिवा, एक जादा ट्यूब आणि हवेचा पंप बसवायचा आहे. सगळे पैसे सायकलीत घालून पंप "नंतर बघू" म्हटलं, की फॅट बाइकचा निम्मा फायदा गेला. तो का, ते पुढे हवेच्या भागात सांगतो.

भाग पारखताना

दुकानात गेल्यावर सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा.

चिमटा, म्हणजे पुढचा फोर्क, साधा कडक घ्या. स्वस्त सस्पेन्शन फोर्क म्हणजे दोन नळ्यांत दोन स्प्रिंगा. तो दोन-अडीच किलोंनी वजन वाढवतो, पहिल्या पावसाळ्यात आत पाणी-चिखल जातो आणि मग एक तर जाम होतो किंवा खटखट करतो. दुरुस्ती परवडत नाही, बदलायचा तर जाड टायर मावेल असा फोर्क शोधावा लागतो. चार इंची टायर योग्य हवेवर असेल तर पुण्याच्या खड्ड्यांना तोच पुरेसा आहे. मागच्या सस्पेन्शनबद्दल तर एकच सांगणं: या किमतीत नकोच.

गिअरमध्ये दोनच पर्याय मला पटतात. एक, सिंगल स्पीड. डेरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, नाही, गिअरच्या वायरी नाहीत, मोडण्यासारखं जवळजवळ काही नाही. पण त्याचं गणित समजून घ्या. २६ इंची रिमवर चार इंची टायर चढला की चाकाचा एकूण व्यास ७५ सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे चाक एका फेरीत सुमारे २.३५ मीटर पुढे सरकतं. पुढे ३६ आणि मागे १८ दात असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरतं, सायकल ४.७ मीटर जाते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी १७ किलोमीटर. सपाटीवर हे छान आहे. कर्वेनगर, हडपसर, खराडीच्या लोकांना चालून जाईल. पण बावधन, सुसखिंड, कात्रज, एनआयबीएमकडे घर असेल तर रोज घरी येताना उतरून ढकलावी लागेल.

दुसरा पर्याय, आणि बहुतेकांसाठी हाच योग्य: पुढे एकच चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चक्र, आणि मागे सात किंवा आठ गिअर. पुढची तीन चेनव्हीलं जाड टायरच्या सायकलीला विशेष त्रास देतात. पुढे सगळ्यांत लहान आणि मागे सगळ्यांत मोठं चक्र लावलं की काही सायकलींत चेन टायरला घासते. शिवाय पुढच्या डेरेलरची जुळणी सारखी बिघडते. २१ गिअर ऐकायला भरघोस वाटतात, पण त्यातले कितीतरी एकमेकांसारखेच असतात. पुढे ३२ दातांचं चेनव्हील आणि मागचं मोठं चक्र ३४ दातांचं असेल, तर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.२ मीटर जाते. चढाला हेच हवं. मागे फक्त २८ दात असले तर "काका, १४-३४चं फ्रीव्हील बसवून द्याल का?" असं विचारा. शिमानोचं सात स्पीडचं असं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, मिळतं आणि या एका बदलाने चढावरचा जोर सुमारे १८ टक्क्यांनी कमी लागतो. मागचा डेरेलर ३४ दात पेलणारा आहे ना, एवढी खात्री मात्र करून घ्या. गिअरचे भाग शिमानो किंवा मायक्रोशिफ्टचे असावेत. शिमानोची टुर्नी ही मालिका सगळ्यांत खालची, पण तिचे भाग कुठेही मिळतात आणि साध्या चालवण्याला पुरतात.

मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, एक बारीक पण महत्त्वाचा फरक असतो. स्वस्त सायकलींत मागची दातेरी चक्रं एकसंध फ्रीव्हील म्हणून हबवर आट्यांनी बसवलेली असतात. बऱ्या सायकलींत कॅसेट असते, म्हणजे चक्रं हबवर सरकवून बसवलेली. फ्रीव्हीलच्या रचनेत उजवीकडची बेअरिंग चक्रांच्या आतल्या बाजूला राहते, त्यामुळे अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, लांब भाग आधाराविना उरतो आणि बोजा पडला की वाकतो. फॅट बाइकचा हब मुळातच रुंद, म्हणून ताण आणखी. वजन ऐंशी किलोच्या पुढे असेल, किंवा टेकडीवर उड्या मारायची हौस असेल, तर कॅसेटवाली सायकल शोधाच, थोडे जास्त पैसे गेले तरी. आठ किंवा नऊ स्पीडच्या सायकलीत बहुधा कॅसेटच असते. सातमध्ये दोन्ही प्रकार आढळतात, त्यामुळे विचारून घ्या.

ब्रेक मेकॅनिकल डिस्क घ्या, म्हणजे वायरीवर चालणारे. जाड टायरवर जुने रबरी ठोकळ्यांचे ब्रेक बहुतेक बसतच नाहीत. हायड्रॉलिक डिस्क नक्कीच जास्त मऊ आणि जोरदार चालतात, पण तेल बदलायला, हवा काढायला जाणकार मेकॅनिक लागतो. वायरीचे ब्रेक कोपऱ्यावरचा सायकलवालाही जुळवून देतो, तुम्हीही अर्ध्या तासात शिकाल. बहुतेक स्वस्त मेकॅनिकल ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर असतो. झिजल्यावर आतला पॅड स्क्रूने पुढे सरकवायचा असतो, वायर ताणत राहायची नसते. हे दुकानातच एकदा करून दाखवायला सांगा.

रिम डबल वॉल अलॉयची हवी. फॅट बाइकच्या रिमला वजन कमी करायला मोठी भोकं असतात आणि त्यांतून रंगीत पट्टी दिसते. ती पट्टी शोभेची नाही, ट्यूब भोकातून बाहेर येऊ नये म्हणून असते. ती कुठे फाटलेली, सरकलेली नाही ना ते बघा.

बीबी सेट, म्हणजे पायडलच्या मधला दांडा जिथे फिरतो तो भाग, सीलबंद असेल असं पाहा. सुट्या छऱ्यांचा असेल तर दर पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस भरावं लागतं. फॅट बाइकचा बीबी नेहमीपेक्षा रुंद असतो. कवच अनेकदा १०० मिलिमीटरचं, नेहमीच्या एमटीबीचं ६८ किंवा ७३. त्यामुळे तो प्रत्येक दुकानात शेल्फवर नसतो. दुकानदाराला थेट विचारा: "हा बीबी उद्या गेला तर तुमच्याकडे मिळेल का? मागचा अॅक्सल मिळेल का? याच मापाचा टायर मिळेल का?" तिन्हींना हो आलं, तर कंपनी फार नावाजलेली नसली तरी चालेल. उत्तर टाळलं, तर नावाजलेली असूनही सोडून द्या. बीबीची आणि मागच्या हबची रुंदी बिलामागे लिहून घ्या. तीन वर्षांनी सुटा भाग मागवताना हेच दोन आकडे लागतात.

फ्रेमबद्दल थोडक्यात. लोखंडी फ्रेम जड, पण दणकट, आणि तडा गेला तर वेल्डिंग होतं. अलॉय हलकी आणि गंजत नाही. बाल्कनीत पाऊस येत असेल तर अलॉय घ्या. घडीच्या फॅट बाइक या बजेटमध्ये टाळा. बिजागरीला खेळ आला की सायकल डुलायला लागते.

दुकानात, बसून बघताना

सायकलचा मधला दांडा दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहा. दांडा आणि तुमच्यामध्ये निदान चार-पाच सेंटिमीटर जागा सुटली पाहिजे, कारण मातीत अचानक उतरावं लागतं. पाच फुटांच्या आतल्या उंचीच्या लोकांना २६ इंची फॅट बाइक अनेकदा मोठी होते. "सीट खाली घेतो, बसेल" हे उत्तर पुरेसं नाही, हँडलपर्यंतचं अंतरही जुळायला हवं.

निदान पंधरा मिनिटं चालवून बघा. गल्लीतल्या गल्लीत एक वळसा नको, थोडा चढ आणि थोडा खराब रस्ता मिळेल अशी फेरी मारा. बीबी रुंद असल्यामुळे दोन पायडलमधलं अंतर नेहमीच्या एमटीबीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त असतं. बऱ्याच जणांना त्याचं काही वाटत नाही. गुडघ्याचं जुनं दुखणं असलेल्यांना मात्र दहा मिनिटांत जाणवतं. अशांनी घाई करू नये, दुसऱ्या दिवशी गुडघा कसा आहे ते बघून मग पैसे द्यावेत.

परत आल्यावर सायकल उचलून दोन्ही चाकं फिरवायला सांगा. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर आऊट काढून मागा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक झाली तर तिथली बेअरिंग सैल आहे. क्रँक, म्हणजे पायडल जोडलेली दांडी, धरून आडवी हलवा, खेळ लागता कामा नये.

ऑनलाइन मागवली तर ती बहुधा ८५ टक्के जोडलेली येते. उरलेलं काम, म्हणजे हँडल, पुढचं चाक, पायडल, ब्रेक, स्वतः करू नका असं मी नवीन लोकांना सांगतो. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. ते जोर लावून चुकीचं बसवलं की क्रँकच्या आट्या जातात आणि क्रँक बदलावी लागते. जवळच्या मेकॅनिकला पाचशे रुपये देऊन संपूर्ण सायकल जुळवून घ्या. याच कारणासाठी मला पेठांमधली किंवा उपनगरांतली, मागे स्वतःचं वर्कशॉप असलेली दुकानं जास्त पसंत आहेत. दोन हजार जास्त गेले तरी पहिली सर्व्हिसिंग आणि ओळखीचा मेकॅनिक मिळतो.

सेकंड हँड फॅट बाइकही पुण्यात पुष्कळ दिसतात. हौसेने घेतलेली, जड लागली म्हणून पार्किंगमध्ये राहिलेली. टायरच्या बाजूला बारीक भेगा आहेत का ते बघा. दोन्ही टायर-ट्यूब नवे घ्यायचे झाले तर स्वस्तात मिळाल्याचा फायदा उरत नाही.

हवा: फॅट बाइकचं खरं गिअर

सायकल कितीही चांगली निवडली तरी हवा चुकली की ती आवडत नाही. "फार जड चालते" म्हणून विकायला निघालेल्या फॅट बाइकच्या टायरवर आधी बोट दाबून बघावं. हवा अगदीच कमी असण्याची शक्यता बरीच असते.

टायरच्या बाजूला जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, बहुधा २० ते ३० पीएसआयच्या दरम्यान (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप). तो कधीही ओलांडायचा नाही. सत्तर किलोच्या माणसाने सुरुवातीला हे आकडे धरावेत: डांबरी रस्त्याला १८ ते २०, मुरूम आणि टेकडीच्या वाटेला १० ते १२, कोकणात किनाऱ्यावर नेली तर सुक्या वाळूत ६ ते ८. मागच्या चाकावर जास्त वजन येतं, म्हणून तिथे एक-दोन पीएसआय जास्त ठेवा. तुमचं वजन जास्त असेल तर सगळेच आकडे थोडे वर न्या.

या सायकलीत दोन पीएसआयचा फरकसुद्धा कळतो. पक्क्या रस्त्यावर हवा कमी असली तर हँडल वळणात आपोआप आत ओढल्यासारखं होतं आणि पायडल मारताना सायकल उसळते. मुरमावर हवा जास्त असली तर टायर खडीवरून घसरतो आणि प्रत्येक दगड मनगटाला कळतो. फारच कमी असली तर दगडावर ट्यूब रिमला चिमटून फाटते.

नेहमीच्या फूटपंपावरचं मीटर १०० किंवा १६० पीएसआयपर्यंतचं असतं. त्यावर १० आणि १४ यांतला फरक वाचता येत नाही. म्हणून ० ते ३० पीएसआय दाखवणारा छोटा गेज वेगळा घ्या. दाब कमी असला तरी टायर अवाढव्य असतो, त्यामुळे खिशातल्या छोट्या पंपाने भरायला बराच वेळ लागतो. घरी उभा पंप असू द्या. पेट्रोल पंपावर भरायची वेळ आली तर यंत्रावर आकडा स्वतः लावून घ्या. तिथे सवयीने ३० घातले जातात आणि काही टायरना तेवढे चालत नाहीत.

व्हॉल्व्ह स्कूटर-मोटारसायकलसारखा असलेली ट्यूब घ्या. ती कुठेही भरता येते.

पंक्चर

पुण्याच्या कच्च्या वाटांवर दोन शत्रू आहेत: बाभळीचा काटा आणि पावसाळ्यानंतर सुकलेला सराटा. सराट्याचं फळ कसंही पडलं तरी त्याचं एक टोक वरच्या दिशेला राहतं. रुंद टायर जास्त जमीन व्यापतो, म्हणून काटे जास्त वेचतो. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हा त्रास अधिक.

सोपा उपाय म्हणजे ट्यूबमध्ये सीलंट भरणं. फॅट बाइकच्या ट्यूबला बारीक टायरच्या दुप्पट-तिप्पट लागतं, बाटलीवरचं माप बघा. मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हचा आतला खिळा काढता येतो, त्यातून ते भरता येतं. काट्यांची छोटी छिद्रं तेवढ्याने भरतात.

तरीही २६ बाय ४ची एक जादा ट्यूब बरोबर असू द्या. रस्त्यावरचा पंक्चरवाला पंक्चर काढून देईल, पण एवढी मोठी ट्यूब त्याच्याकडे नसते. अगदीच अडचण आली तर साधी २६ बाय २.१ ची ट्यूब घालून सावकाश घरी येता येतं. ती ताणून बसते, म्हणून तात्पुरतीच. बाकी दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, पॅच, छोटा पंप आणि मागचं चाक नटांचं असेल तर १५ नंबरचा पाना. सामान एवढंच.

देखभाल, जेवढी लागते तेवढीच

आठवड्यातून एकदा गेज लावून हवा बघा. महिन्यातून एकदा, किंवा धुळीत फिरून आल्यावर, चेन जुन्या कापडाने पुसून प्रत्येक कडीवर सायकलच्या चेन ल्यूबचा एक थेंब सोडा आणि वरचं जादा तेल पुसून टाका. गाडीचं जुनं इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका. त्याला धूळ चिकटते आणि तिनेच चेन झिजते. डिस्कवर तेलाचा थेंब, फवारा, पॉलिश काहीही उडू देऊ नका. पॅडने तेल प्यायलं की ते बदलावेच लागतात.

पावसाळ्याचं वेगळं बघावं लागतं. इथली काळी चिकण माती ओली झाली की जाड टायरला थरावर थर चिकटते, चाक आणि फ्रेममधली जागा भरते आणि चाक फिरेनासं होतं. फॅट टायर चिखलात चालतो हे काळ्या मातीला लागू नाही. त्या दिवसांत मुरमाचे किंवा डांबरी रस्ते धरा. घरी आल्यावर बादली आणि ब्रशने धुवा. गाड्या धुण्याचा जोरदार फवारा हब आणि बीबीवर मारला तर आतलं ग्रीस निघून पाणी शिरतं. लोखंडी फ्रेम असेल तर पाऊस संपल्यावर सीटची दांडी काढून सायकल उलटी करा, आत साठलेलं पाणी निघून जातं.

ताम्हिणी उतरून दिवेआगर-हरिहरेश्वरला, किंवा दापोलीकडे मुरूड-कर्द्याच्या पुळणीवर ही सायकल न्यावी असं प्रत्येकाला वाटतं, आणि न्यावी. ओल्या घट्ट वाळूवर ती अप्रतिम पळते. फक्त लाटेत घालू नका आणि त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेल द्या. खाऱ्या पाण्यात भिजलेली चेन एका रात्रीत लाल होते.

टेकडीवर

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी इथे पहाटेपासून चालणारे लोक असतात, त्यात वयस्कर पुष्कळ. टेकड्यांचा मोठा भाग वनखात्याच्या ताब्यात आहे. जिथे सायकलला मनाई लिहिली आहे तिथे नेऊ नका. उताराला वेग आवरा, लांबूनच घंटी द्या, समोरच्याला आधी जाऊ द्या. मागचं चाक लॉक करून घसरत उतरलं की वाटेवरची माती मोकळी होते आणि पुढच्या पावसात तिथे घळ पडते. जोरदार पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस मातीच्या वाटा सोडूनच द्या. या टेकड्यांसाठी पुणेकर वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. सायकलवाल्यांमुळे त्या झिजल्या असं कुणाला म्हणायला लागू नये.

पहिल्या महिन्यानंतर

नवीन सायकलच्या वायरी पहिल्या काही आठवड्यांत थोड्या ताणल्या जातात, तारा बसतात, नट सैल होतात. म्हणून महिन्याभराने सायकल दुकानात परत न्या. आऊट काढणं, तारा कसणं, गिअर-ब्रेकच्या वायरी ताणणं, क्रँकचे बोल्ट आणि अॅक्सलचे नट आवळणं, एवढं करून घ्या. क्रँक सैल असताना चालवत राहिलं तर तिचं चौकोनी भोक झिजतं आणि मग ती कितीही आवळली तरी बसत नाही. ही पहिली सर्व्हिसिंग बरीच दुकानं फुकट देतात. सायकल घेतानाच बिलावर तशी नोंद करून घ्या.